प्रणाली-अभियांत्रिकीचा अभ्यास कोणीं करावा?

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला कीं, आमच्या शिक्षकांच्या खोलीबाहेरील बांकावर पालकांची गर्दी होऊं लागते. कोणाच्या हातांत गुणपत्रिका असते, कोणाच्या हातांत एखाद्या महाविद्यालयाचें रंगीत माहितीपत्रक असतें, आणि सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो, "सर, ह्याला आतां कोठें घालावें?" अलीकडे ह्या प्रश्नाबरोबर एक नवें नांव वारंवार कानीं येऊं लागलें आहे. तें म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग, अथवा मराठींत म्हणावयाचें तर प्रणाली-अभियांत्रिकी. नांव भारदस्त आहे. परंतु तें घेऊन येणाऱ्या दहा पालकांस हें शिक्षण कशाचें असें विचारिलें, तर नऊजण संगणकाचें म्हणून सांगतात आणि दहावे गप्प बसतात. माझ्या मतें ह्या दहांत गप्प बसणारेच सत्याच्या अधिक जवळ असतात. म्हणून ह्या विषयासंबंधीं माझें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, असें मीं योजिलें आहे. मतभेदास जागा आहेच; परंतु मुलाच्या आयुष्याचीं चार वर्षें व घरांतील पुष्कळसा पैसा ज्यांत गुंतावयाचा, त्याचा विचार प्रवेशाची रांग लागण्यापूर्वींच झालेला बरा.

प्रथम ही विद्या काय आहे, तें एका घरच्या उदाहरणानें पाहूं. कांहीं वर्षांपूर्वीं स्नेहसंमेलनांतील नाटकाच्या पडद्याचें काम चित्रकलेच्या मुलांनीं मोठ्या हौसेनें केलें. डोंगर, नदी, झोपडी, सर्व कांहीं उत्तम साधलें होतें. रंगमंच उभारणाऱ्या मुलांनींही आपले बांबू भक्कम रोंविले होते. संमेलनाच्या सायंकाळीं पडदा टांगावयास घेतला, तेव्हां असें दिसून आलें कीं, पडदा १२ फूट उंच आणि बांबू १० फूट उंच! डोंगरांचीं शिखरें गुंडाळून ठेवावीं लागलीं. ह्यांत चित्रकारांची चूक नव्हती, मांडव घालणाऱ्यांचीही नव्हती. चूक होती ती दोघांच्या मधल्या जागेंत. आणि त्या मधल्या जागेचा धनी कोणीच नव्हता.

ह्या मधल्या जागेचा धनी होणें, हेंच प्रणाली-अभियंत्याचें काम होय. यंत्र-अभियंता यंत्र जाणतो, विद्युत्-अभियंता वीज जाणतो, संगणकतज्ज्ञ आज्ञावली लिहितो. परंतु आगगाडी, विमान, रुग्णालयांतील श्वसनयंत्र किंवा संबंध देशाचें विजेचें जाळें, ह्यांपैकीं कोणतीही वस्तु एकाच विद्येची नसते. ती अनेक विद्यांची, अनेक कारखान्यांची व हजारों माणसांच्या श्रमांची जोड असते. ही वस्तु कोणासाठीं व कशासाठीं हवी आहे, तें आरंभींच नीट विचारून घेणें. त्या गरजा मोजतां येतील अशा शब्दांत लिहून काढणें. प्रत्येक भागास त्याचें काम वांटून देणें. एका भागाचें टोंक दुसऱ्यास जेथें मिळतें तेथील माप, भार, वेळ व संदेश ठरवून देणें. भाग तयार होतांच प्रथम एकेकटे व मग एकत्र जोडून त्यांची परीक्षा घेणें. आणि ती वस्तु वापरांतून जाईपर्यंत तिच्यावर नजर ठेवणें, इतक्या सर्वांचा ह्या शास्त्रांत समावेश होतो. ह्या धंद्यांतील लोक स्वतःस दोन प्रश्न नेहमीं विचारितात. पहिला, आपण वस्तु बरोबर बनविली काय? आणि दुसरा, आपण बरोबर वस्तु बनविली काय? शब्द तेच आहेत; परंतु पहिल्याचें उत्तर मोजपट्टी देते, आणि दुसऱ्याचें उत्तर ती वस्तु वापरणारा मनुष्य देतो.

पडद्याच्या प्रकरणांत आपलें फक्त हंसें झालें. हीच चूक मोठ्या कामांत झाली म्हणजे काय होतें, तें अमेरिकेच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' ह्या यानाच्या हकीकतीवरून कळतें. ११ डिसेंबर १९९८ रोजीं सुटलेलें हें यान सुमारें साडेनऊ महिने प्रवास करून २३ सप्टेंबर १९९९ रोजीं मंगळापाशीं पोहोंचलें, ग्रहाच्या आड गेलें, आणि पुन्हां बोललेंच नाहीं. चौकशीअंतीं असें आढळलें कीं, यानाच्या लहान इंजिनांनीं दिलेल्या धक्क्यांचा हिशेब एका गटाची आज्ञावली पौंड ह्या इंग्रजी परिमाणांत देत होती, आणि दुसरा गट तेच आंकडे न्यूटन ह्या परिमाणांतील समजून मार्ग आंखीत होता. एक पौंड बल म्हणजे जवळजवळ साडेचार न्यूटन. त्यामुळें यान ठरल्यापेक्षां कितीतरी खालून गेलें व नष्ट झालें. गणित दोन्ही गटांस येत होतें. नववीच्या वर्गांत उत्तरापुढें परिमाण लिहिलें नाहीं म्हणून मी अर्धा गुण कापतों, तेव्हां पुष्कळ मुलांचे चेहरे उतरतात. त्यांनीं हें यान आठवावें.

ही विद्या नांवानें फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत १९४० नंतरच्या दशकांत हें नांव रूढ होऊं लागलें. दूरध्वनीचें जाळें इतकें पसरलें होतें कीं, एका ठिकाणच्या सुधारणेचा परिणाम दूरच्या दुसऱ्या टोंकास होई, आणि म्हणून सबंध जाळ्याचा एकत्र विचार करणारीं माणसें हवीं होतीं. १९५० सालीं त्याच संस्थेंतील गिल्मन ह्यांनीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें हा विषय शिकविला, आणि १९६१ सालीं ॲरिझोना विद्यापीठानें त्याचें स्वतंत्र खातें काढलें. १९९० सालीं अमेरिकेंत ह्या व्यवसायांतील लोकांची परिषद स्थापन झाली, व १९९५ सालीं ती आंतरराष्ट्रीय झाली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून इनकोसी असें म्हणतात.

नांव नवें असलें, तरी दृष्टि मात्र नवी नाहीं. पुण्यास अभियांत्रिकी शिकून बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनीं १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीच्या वर चढूं लागलें कीं ते आपोआप उघडत, आणि पाणी उतरलें कीं मिटत. त्यामुळें धरणास अपाय न होतां तलावांत अधिक पाणी सांठवितां आलें. दरवाजा, पाणी, भिंत व पूर ह्यांचा वेगवेगळा विचार करणाऱ्यास ही युक्ति सुचली नसती. आज विद्यापीठांत नियंत्रणशास्त्र म्हणून जें शिकवितात, त्याचें बीज ह्या दरवाज्यांत स्पष्ट दिसतें.

आपल्या रोजच्या जीवनांतील सर्वांत मोठी प्रणाली म्हणजे विजेचें जाळें. ३० जुलै २०१२ च्या रात्रीं उत्तर भारताचें जाळें कोसळलें. दुसऱ्याच दिवशीं दुपारीं उत्तर, पूर्व व ईशान्य असा साठ कोटींहून अधिक लोकांचा प्रदेश विजेवांचून राहिला. आगगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, खाणींत मजूर अडकून पडले. चौकशींत जें दिसलें तें मोठें बोधप्रद आहे. आजूबाजूच्या कांहीं वाहिन्या बंद असल्यामुळें बीना ते ग्वाल्हेर ह्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर फार भार चढला होता. तार तुटलेली नव्हती. परंतु तिच्या रक्षणासाठीं ठेविलेल्या उपकरणास तो भार बिघाडासारखा दिसला, व त्यानें ती वाहिनी बंद केली. मग तिचा भार इतरांवर पडला, आणि एकामागून एक वाहिन्या सुटत गेल्या. प्रत्येक पहारेकऱ्यानें आपापली चौकी राखली आणि गड मात्र गेला! पुढें ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते सोलापूर ह्या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनें दक्षिणेचें जाळें उरलेल्या देशाशीं जोडण्यांत आलें, आणि तेव्हांपासून सर्व देशाची वीज एकाच तालावर, सेकंदास सुमारें ५० आवर्तनें, चालत आहे. आपल्या सोलापुरावरून गेलेली ही गांठ सुरक्षित राखणें हें केवळ तारा जाणणाऱ्याचें काम नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज जाऊन लोकलगाड्या थांबल्या, तो दिवस पुष्कळ पालकांस आठवत असेल.

आतां एक अभिमानाचें उदाहरण देतों. ७ सप्टेंबर २०१९ रोजीं चंद्रयान-२ चें अवतरणयान चंद्रावर उतरतांना आदळलें. त्या पहांटे जागे राहिलेल्या आपल्या मुलांचे चेहरे मीं पाहिले आहेत. परंतु भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें रडत न बसतां, काय काय चुकूं शकेल ह्याची यादी केली, आणि त्या यादीवरून पुढचें यान आंखलें. यानाचे पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढविलें, वेग मोजण्यासाठीं लेझर किरणांचें नवें उपकरण बसविलें, उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर लांबी-रुंदीची होती, ती ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद अशी विस्तारली. हेलिकॉप्टरला बांधून, उंच यारीला टांगून, चंद्राच्या मातीसारख्या मातीवर पाय आपटून परीक्षा घेतल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ अलगद उतरलें. ह्या दोन तारखांच्या मधल्या चार वर्षांत जें काम झालें, तें प्रणाली-अभियांत्रिकीचा उत्कृष्ट पाठ आहे. गुणपत्रिका हातीं आल्यावर किती विद्यार्थी आपल्या चुकांची अशी यादी करितात?

येथें मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे वडील एस. टी. च्या आगारांत मेकॅनिक होते. हा मुलगा एकाही विषयांत पहिला येत नसे. परंतु सर्व गोष्टींत त्याचा हात असे. शाळेची विजेची घंटा बिघडली कीं हा शिडीवर. संमेलनांत ध्वनिक्षेपकाच्या तारा ह्याच्याकडे. भित्तिपत्रकाचा संपादकही हाच. आणि सहलीच्या वेळीं कोणत्या गाडींत कोणी बसावें, ह्याचें टिपण हाच करी. सहामाहीच्या परीक्षेंत त्याला गणितांत बरे गुण मिळाले नाहींत, तेव्हां मीं भर वर्गांत म्हटलें, "तुझें म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या!" वर्ग हंसला. तो खालीं मान घालून बसला. नंतर त्यानें पदविका घेतली, मग पदवी घेतली, आणि आज तो पुण्याजवळच्या एका मोटारींच्या कारखान्यांत आहे. गेल्या दिवाळींत तो मला भेटावयास आला. त्याचें काम काय, असें मीं विचारिलें. तो म्हणाला, "सर, ब्रेक एकजण करतो, चाकाचा वेग मोजणारें यंत्र दुसरा करतो, आज्ञावली तिसरा लिहितो. गाडी ओल्या रस्त्यावर वेळेवर थांबली पाहिजे, एवढें मी पाहतों. तुम्ही म्हणाला होतां त्या चिंध्याच मी शिवत असतों." तो हंसत होता, परंतु मला हंसतां आलें नाहीं. ती म्हण त्याला इतकीं वर्षें आठवत होती, हें मला तेव्हां कळलें. घरोघरीं आजीबाई चिंध्यांचीच गोधडी शिवतात, आणि थंडींत तीच आपल्या अंगावर असते, हें मला त्या वेळीं सुचावयास हवें होतें.

ह्या अनुभवावरून माझें पहिलें मत असें झालें आहे कीं, हें शिक्षण केवळ पहिल्या क्रमांकाच्या मुलांसाठीं नाहीं, आणि सर्वांसाठींही नाहीं. ज्याला एकाच गोष्टीच्या तळाशीं जाऊन आयुष्यभर तेथेंच रमावेंसें वाटतें, त्यानें खुशाल तसें करावें. जगाला त्याची गरज आहे. परंतु ज्याचें लक्ष स्वभावतःच ह्या वस्तूवरून तिच्या शेजारच्या वस्तूकडे जातें, जो 'हें कसें चालतें' ह्याबरोबरच 'हें कोणासाठीं आहे' असें विचारितो, दोन भांडणाऱ्या गटांचें म्हणणें ऐकून घेतो व ऐकलेलें नेमकें लिहून ठेवितो, त्या मुलाला किंवा मुलीला चंचल म्हणून हिणवूं नये. मुलींच्या पालकांस मी मुद्दाम सांगतों कीं, चंद्रयान-२ च्या प्रकल्पसंचालक एम. वनिता ह्या होत्या, व मोहीमसंचालक रितु करिधाल ह्या होत्या. सबंध मोहिमेचा मेळ घालण्याचें काम स्त्रियांकडे विश्वासानें सोंपविलें गेलें, हें ध्यानांत ठेवावें.

माझें दुसरें मत कांहीं पालकांस रुचणार नाहीं. तें असें कीं, बारावी होतांच केवळ 'सिस्टिम्स' हा शब्द पाहून कोणीं प्रवेश घेऊं नये. आधीं एक विद्या अंगीं मुरवावी. मग ती यंत्रांची असो, विजेची असो, इलेक्ट्रॉनिकीची असो, संगणकाची असो कीं स्थापत्याची असो. ज्याला एकही कापड नीट ओळखतां येत नाहीं, त्यानें गोधडी कशी शिवावी? एक विद्या खोलवर शिकल्यानें दुसऱ्याच्या विद्येची खोली किती असेल ह्याचा अंदाज येतो, आणि दुसऱ्यास आदरानें प्रश्न विचारण्याची संवय लागते. चंद्रयान-३ चे प्रकल्पसंचालक पी. वीरमुथुवेल हे रेल्वेंतील एका तंत्रज्ञाचे चिरंजीव. त्यांनीं प्रथम यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेतली, मग पदवी घेतली, आणि पुढें मद्रासच्या आय. आय. टी. मधून डॉक्टरेट मिळविली. एका विद्येंतून सबंध यानापर्यंत जाण्याचा हा रस्ता आहे, आणि तो पदविकेपासूनही सुरू होतो.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, खड्गपूरच्या आय. आय. टी. मध्यें 'इंडस्ट्रिअल अँड सिस्टिम्स इंजिनिअरिंग' हें खातें आहे व तेथें पदवीपासूनच हा विषय शिकवितात. मग त्यास हरकत कोणती? हरकत कांहींच नाहीं. जेथें जाणते अध्यापक, प्रयोगशाळा व परंपरा आहे, तेथें हा विषय प्रथमपासून शिकणें हिताचेंच होईल. तथापि तेथील भर कारखान्यांचें उत्पादन, संख्याशास्त्र व कामाचें नियोजन ह्यांवर असतो, हें जाणून जावें. आमच्या जवळ पवईच्या आय. आय. टी. मध्यें 'सिस्टिम्स अँड कंट्रोल' ह्या विषयाचें पदव्युत्तर शिक्षण मिळतें. त्यासाठीं अभियांत्रिकीची पदवी घेऊन गेट ही परीक्षा द्यावी लागते, आणि तेथें गणिताचें प्राबल्य फार आहे. सारांश, एकाच शब्दाखालीं निरनिराळीं शास्त्रें नांदत आहेत, आणि आपल्यास कोणतें हवें तें आधीं ठरविलें पाहिजे.

येथवर येण्याचा मार्ग सर्वांस ठाऊक असला, तरी थोडक्यांत सांगतों. दहावीनंतर विज्ञानशाखेंत पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे विषय घेऊन बारावी करावी, आणि राज्याची सी. ई. टी. किंवा अखिल भारतीय जे. ई. ई. ही परीक्षा द्यावी. ज्यांस दोन वर्षें शिकवणीवर्गांचा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घ्यावी. चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेल्यांस पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो. पदविकेस कमी लेखण्याची जी पद्धत आपल्या समाजांत पडली आहे, ती मला मुळींच मान्य नाहीं. वर्कशॉपमध्यें काळे झालेले हात पुढें नकाशा काढतांना फार उपयोगी पडतात.

आतां एक सावधगिरीची सूचना. आपल्या देशांतील पुष्कळ मोठ्या संगणक-कंपन्या नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणास सिस्टिम्स इंजिनिअर असा हुद्दा देतात. तो बहुधा आज्ञावली लिहिण्याच्या कामाचा आरंभीचा हुद्दा असतो. ह्या लेखांत सांगितलेल्या विद्येशीं त्याचा नांवापलीकडे फारसा संबंध असेलच असें नाहीं. ह्या नामसादृश्याचा फायदा घेणारेही लोक आहेत. माझ्या ओळखीच्या एका शेतकरी पालकांस एका दलालानें असेंच एक भपकेदार नांव सांगून मुलासाठीं दूरच्या एका खाजगी संस्थेंत जागा मिळवून दिली. कर्ज काढून पहिल्या वर्षाचें शुल्क भरलें. तेथें प्रयोगशाळेच्या दारास कुलूप, आणि शिकविणारे दर सहामाहीस नवे. दोन वर्षांनीं मुलगा परत आला. कर्ज मात्र परत आलें नाहीं. ते पालक मला म्हणाले, "सर, आम्हांला काय विचारावें तेंच ठाऊक नव्हतें."

म्हणून काय विचारावें तें येथें लिहून ठेवितों. ह्या अभ्यासक्रमास विद्यापीठाची व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे काय? पहिल्या दोन वर्षांत कोणते विषय शिकवितात, त्यांत गणित, संख्याशास्त्र व एका तरी अभियांत्रिकी शाखेचा भक्कम पाया आहे काय? अनेक विद्यार्थी मिळून एखादी वस्तु आरंभापासून शेवटपर्यंत बनवितात, असें काम शेवटच्या वर्षांत आहे काय? मागल्या तीन वर्षांत येथून बाहेर पडलेलीं मुलें आज कोठें आहेत, आणि त्यांतील दोघांशीं आम्हांस बोलतां येईल काय? ह्या प्रश्नांस जी संस्था रागावते, तेथून परत फिरावें. आणि माहितीपत्रकावर सर्वांत वर छापलेला पगाराचा आंकडा हा बहुधा एकाच मुलाचा असतो; वर्गांतील मधल्या मुलाचा आंकडा विचारावा.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. तो हलका नाहीं, आणि त्याबद्दल विचारणाऱ्या पालकांस कोणीं लोभी समजूं नये. ह्या विद्येस वाव असलेलीं क्षेत्रें पुष्कळ आहेत. अंतराळ व संरक्षण हीं तर तिचीं माहेरघरेंच होत. रेल्वेची सिग्नलव्यवस्था व 'कवच' ही टक्कर टाळणारी यंत्रणा, शहरांतील मेट्रो, मोटारींचे कारखाने, विजेच्या जाळ्याचीं नियंत्रणकेंद्रें, रुग्णालयांतील उपकरणें, विमानांचे भाग, ह्या सर्वांत निरनिराळे भाग एकत्र जोडणारीं व त्यांची परीक्षा घेणारीं माणसें लागतात. पुणें, बंगळूर, हैदराबाद येथें अशा कामांचीं मोठीं केंद्रें आहेत. एका धंद्यास मंदी आली, तर ही विद्या दुसऱ्या धंद्यांत नेतां येते, हा तिचा मोठा गुण होय. सूर्यापासून व वाऱ्यापासून वीज घेण्याचें प्रमाण जसजसें वाढत आहे, तसतसें ऊन गेलें कीं वीज कोठून आणावयाची, हा सबंध जाळ्याचा प्रश्न अधिकच कठीण होत आहे. तेथेंही ह्या माणसांस काम पुष्कळ राहील.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्या मार्गावर प्रारंभ सावकाश होतो. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाच्या हातीं सबंध गाडीचा किंवा यानाचा आराखडा कोणी देत नाहीं, आणि देऊंही नये. पहिलीं वर्षें परीक्षा घेण्यांत, नोंदी ठेवण्यांत, गरजांचीं पत्रकें तयार करण्यांत व दुसऱ्यांच्या चुका नम्रपणें दाखविण्यांत जातात. इनकोसीचें आरंभीचें प्रमाणपत्र परीक्षा देऊन मिळतें. परंतु त्याच्या वरच्या प्रमाणपत्रासाठीं निदान पांच वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव मागतात, ह्यावरूनच ह्या धंद्यांत अनुभवाची किंमत काय आहे तें कळून येईल. शिवाय ह्या कामाचा गाजावाजा होत नाहीं. पूल पडला नाहीं, गाडी वेळेवर थांबली, वीज गेली नाहीं, म्हणून कोणी हार घालीत नाहीं. ज्याला टाळ्यांची आवड आहे, त्यानें ह्या वाटेस जाऊं नये. ज्याला काम बरोबर झाल्याचें समाधान पुरतें, त्याला येथें सन्मानानें पोट भरतां येईल.

विद्यार्थिमित्रांनो, ही विद्या शिकावयास विद्यापीठाचीच वाट पाहिली पाहिजे असें नाहीं. आपली सायकल उघडा, आणि ब्रेकची मूठ दाबल्यापासून चाक थांबेपर्यंत कोणकोणते भाग एकमेकांस काय सांगतात, तें क्रमानें लिहून काढा. घरांत नळाला पाणी कां येत नाहीं, ह्याचीं कारणें टांकीपासून तोटीपर्यंत शोधा. कोणतेंही काम फसलें म्हणजे कोणाचें चुकलें असें विचारण्यापूर्वीं कोठें चुकलें असें विचारा. गणित टाळूं नका. त्यांतही संभवनीयता व आलेख ह्यांकडे विशेष लक्ष द्या. आणि मराठी निबंधाच्या तासास झोंपा काढूं नका! ज्याला एखादी वस्तु कशासाठीं आहे तें आपल्या मातृभाषेंत दहा ओळींत सांगतां येत नाहीं, त्याला तें इंग्रजींतही सांगतां यावयाचें नाहीं. आणि ह्या धंद्यांत अर्धें काम स्पष्ट लिहिण्याचेंच आहे. मराठी माध्यमांतून शिकलों म्हणून मागें पडूं, ही भीति सोडून द्या. इंग्रजी अवश्य सुधारा. परंतु स्पष्ट विचार ही पहिली भाषा आहे.

पालकांस माझी एकच विनंती आहे. मुलाला कोणती शाखा द्यावी ह्याचा निर्णय शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून घेऊं नका, आणि माहितीपत्रकाच्या रंगाकडे पाहून तर मुळींच घेऊं नका. आपलें मूल रिकाम्या वेळीं काय करतें, तें महिनाभर शांतपणें पाहा. तें पसारा मांडीत असेल, तर तो पसारा कशाचा आहे, हें विचारा. आम्हां शिक्षकांसही गुणपत्रिकेच्या रकान्यांतून जें दिसत नाहीं, तें तुम्हांस दिसूं शकेल. आणि माझ्या हातून झाली तशी चूक तुमच्या हातून टळेल.

असो. लेख लांबला. पुढील स्नेहसंमेलनांत पडदा रंगविण्यापूर्वीं एखाद्या मुलानें किंवा मुलीनें कोणीं न सांगतां टेप घेऊन बांबू मोजला, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.